मिक्सरनंतरचा घास

बाळंतपणाच्या रजेचा कायदा २०१७ साली बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी मिळणारी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. बाळाला आईच्या दुधाच्या जोडीने वरचं अन्न सुरू करायचं ते १८० दिवस पूर्ण झाल्यावर. म्हणजे ज्या आठवड्यात बाळाच्या तोंडात पहिला घास जातो, त्याच आठवड्यात आई बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या फलाटावर उभी असते. या रजेतले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ते ज्यांना घ्यावे लागले, त्या तर तोवर कामावर रुजूही झालेल्या असतात. घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, घरी शिवण घेणाऱ्या बायकांना पगारी रजा हा प्रकारच माहीत नाही.

त्यामुळे उपनगरांत बाळाच्या जेवणाचे रोजचे निर्णय आजी घेते, पाळणाघरातल्या काकू घेतात किंवा दिवसभर सांभाळायला येणारी मावशी घेते. पहिले एक-दोन महिने यात काही बिघडत नाही. उष्टावण झालेलं असतं, मामाने चांदीच्या वाटीतली खीर भरवलेली असते, मऊ भात आणि नाचणी सुरू झालेली असते, चमचा दिसला की बाळ आ करायला शिकलेलं असतं. गाडी अडते ती आठव्या-नवव्या महिन्यात. बाळाला आता दाणेदार, चावायचं, आपल्या हाताने उचलायचं काहीतरी हवं असतं आणि वाटीत मात्र सहाव्या महिन्यातलीच गुळगुळीत लापशी असते. काही घरांत ती बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत तशीच चालू राहते. हे प्रकरण त्या मधल्या महिन्यांबद्दल आहे.

मिक्सर आज इतका अंगवळणी पडला आहे, की त्याच्याआधी बाळांची जेवणं कशी होत याचा विसर पडतो. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने ‘सुमीत’ मिक्सर आणला तो १९६३ साली. घरातला परदेशी मिक्सर बिघडला आणि इथे तो दुरुस्त होईना, हे त्याचं निमित्त. त्याआधी भात मऊ करायचा तो रवीने घोटून, वाटीच्या बुडाने रगडून, नाहीतर बोटांनी कुस्करून. त्यात कण राहायचेच, आणि बाळ जसजसं मोठं होई तसतशी आजी कमी कुस्करत जाई. खिमटाची कृती पाहा. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन वाळवायची, मंद आचेवर भाजायची, जाडसर भरडायची आणि पाण्यात शिजवायची. शिजल्यावरही ते जिभेला रवाळ लागतं. त्या भरडीमुळे बाळाची जीभ रोज थोडी कसरत करत होती, आणि ती करवून घेण्यासाठी कुणाला पुस्तक वाचावं लागत नव्हतं. मिक्सर आल्यावर भात, वरण, गाजर, पोळी सगळ्यांचा एकच गोळा होऊ लागला. बाळ तो न चावता गिळतं, वाटी लवकर रिकामी होते, भरवणाऱ्याला ‘पोटभर खाल्लं’ याचं समाधान मिळतं. सहाव्या महिन्यात मिक्सर वापरायला माझी काहीच हरकत नाही. सातवा महिना सरता सरता मात्र बाळापुरता तो फडताळात जायला हवा.

त्याचं कारण बाळाच्या तोंडात आहे. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास जीभ प्रत्येक गोष्ट बाहेर ढकलायची थांबते. सहाव्या-सातव्या महिन्यात जबडा नुसता वरखाली होतो. मग जीभ डावी-उजवीकडे वळायला लागते आणि घास मधून कडेला, हिरड्यांकडे नेते. चावण्याची खरी सुरुवात ही. दाढा यायला साधारण तेरावा महिना उजाडतो, कधी दीड वर्षही होतं. पण मऊ शिजलेलं अन्न चिरडायला हिरड्या पुरेशा घट्ट असतात. ‘दात आले की देऊ’ म्हणून थांबणारी घरं इथे फसतात, कारण पुढचे दोन दात तुकडा तोडायला उपयोगी पडतात, चावायला नाही. हाताचीही अशीच गोष्ट. सहाव्या महिन्यात बाळ अख्ख्या मुठीत वस्तू पकडतं, आठव्यात बोटांनी जवळ ओढतं, नवव्या-दहाव्यात अंगठा आणि तर्जनी जुळवून जमिनीवरचा केसही उचलून दाखवतं. ज्या दिवशी तुमचं बाळ लादीवरची मोहरी टिपून तोंडात घालायला जाईल, त्या दिवशी त्याचा हात जेवायला तयार झाला आहे असं समजा. मोहरी काढून घ्या आणि शिजलेला वाटाणा चेपून पुढे ठेवा.

या शिकण्याला वेळेची मर्यादा असते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ साली जन्मलेल्या हजारो मुलांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालला आहे. त्यात असं दिसलं, की ज्या बाळांना गुठळीचं, कणांचं अन्न दहाव्या महिन्यानंतर पहिल्यांदा मिळालं, त्यांना पंधराव्या महिन्यात भरवणं जास्त अवघड होतं आणि त्यांच्या खाण्यातल्या आवडीनिवडी जास्त कडक होत्या. हीच मुलं सात वर्षांची झाली तेव्हाही फळं आणि भाज्या कमी प्रकारच्या खात होती. अशा अभ्यासात कारण आणि परिणाम काटेकोर वेगळे करता येत नाहीत. ज्या बाळांना मुळातच गिळायला त्रास होता, त्यांच्या आयांनी कण उशिरा दिले असतील. तरी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही त्याच दिशेचा आहे: आठव्या महिन्यापर्यंत बहुतेक बाळं हाताने खायचे तुकडे खाऊ शकतात आणि वर्षाची होईतो घरातलंच जेवण जेवू शकतात.

आता पातळपणाबद्दल, कारण गुळगुळीत वाटण सरकवण्यासाठी त्यात पाणी घालावं लागतं आणि तिथे दुसरं नुकसान होतं. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावतं. आठ किलोच्या बाळाचं पोट म्हणजे २४० ग्रॅम, एक मोठी वाटी. आईचं दूध चालू असताना सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. एवढ्याशा पोटात हे बसवायचं तर वाटीतलं अन्न घट्ट हवं. वरणाचं पाणी, भाताची पेज, भाजीचं सूप यांनी पोट भरतं आणि बाळ उपाशी राहतं. आमच्याकडे वरणाचं पाणी फार प्रेमाने दिलं जातं, ‘पचायला हलकं’ म्हणून. ते हलकं आहे कारण त्यात डाळ नाही. खालची घट्ट डाळ बाळाला द्यावी आणि वरचं पाणी घरच्यांनी आमटीत घालावं. चमचा तिरका केल्यावर अन्न ओघळून जाता कामा नये, ही घट्टपणाची खूण. वर चहाचा एक चमचा तूप घातलं की ४० कॅलरी वाढल्या आणि भात घशातून सरकायलाही मदत झाली.

घट्ट केलं की चिकट होतं, ही अडचण खरी आहे. नाचणीच्या बाबतीत तर फारच. तिच्यावर जुना उपाय आहे: नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून दळायची. मोड येताना धान्यात असं विकर तयार होतं, की ते पिठूळ पदार्थाला सैल करतं, आणि तेवढ्याच पातळपणात जास्त पीठ बसतं. मोड आलेल्या धान्याची चिमूटभर पूड घट्ट लापशीला कशी सैल करते, हे बडोद्यात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं. सत्त्व काढताना आपण नाचणी भिजवून, वाटून, फडक्याने गाळतो आणि चोथा टाकून देतो. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यातलं बरंचसं त्या टाकलेल्या भागात जातं. सातव्या महिन्यानंतर गाळायचं सोडावं. पवईला आयआयटीच्या ‘सितारा’ या केंद्रातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी बाळाला पाजणं आणि भरवणं यांवर जे व्हिडिओ तयार केले, त्यांत घट्ट अन्नावर आणि घरी करायच्या पौष्टिक पुडींवर भर आहे. ते मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. पाळणाघरातल्या काकूंना चार सूचना लिहून देण्यापेक्षा त्यांच्याबरोबर बसून एक व्हिडिओ पाहिला तर त्यांचा मानही राहतो आणि काम जास्त होतं.

हाताने खायचे पदार्थ म्हटलं की परदेशी पुस्तकांत ब्रोकोली आणि ॲव्होकाडो येतात, आणि ते वाचून सुनेला वाटतं की हे आपल्या घरचं नव्हे. खरं तर या बाबतीत मुंबईची उपनगरं फार श्रीमंत आहेत. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीच्या गुजराती स्वयंपाकघरांतला वाफवलेला मुठिया, हांडव्याचा आतला मऊ भाग, पांढरा ढोकळा. अंधेरीच्या उडप्याची इडली. आपलं घावन, मुगाचं धिरडं, लाल भोपळ्याचा घारगा कमी गोडाचा आणि मऊ. यातलं प्रत्येक बाळाच्या मुठीत मावतं आणि हिरडीखाली विरघळतं. घरी करताना मीठ घालायच्या आधी बाळापुरतं पीठ बाजूला काढून ठेवायचं. वर्षाच्या आत बाळाला वेगळं मीठ आणि साखर लागत नाही. ‘अळणी कसं खाईल?’ हा प्रश्न आपल्या जिभेचा आहे, बाळाने अजून खारट चाखलेलंच नाही.

वसईची वेलची केळी पश्चिम उपनगरांत दारोदार येतात. केळं सालीसकट अर्धं कापायचं, वरची दोन बोटं साल सोलायची आणि खालची ठेवायची, म्हणजे मुठीतून निसटत नाही. रताळं, गाजर, दुधी, फरसबी हे आपल्या करंगळीएवढ्या लांब तुकड्यांत कापून वाफवायचं. सहा-आठ महिन्यांच्या मुठीला असा लांब तुकडा लागतो, कारण मुठीत गेलेला भाग बाळाला खाता येत नाही, बाहेर आलेलाच खाता येतो. नवव्या-दहाव्यात चिमूट जमली की तुकडे हरभऱ्याएवढे करायचे. शिजलंय का हे पाहायची एकच रीत: तुकडा अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून दाबायचा. जोर न लावता तो सपाट झाला तर बाळाची हिरडीही त्याला सपाट करू शकेल. बोटांना तो टणक लागला तर परत वाफेवर ठेवायचा. मी हे नेहमी आजींच्या हातात गाजर देऊनच सांगते. एकदा बोटांनी दाबून पाहिलं की त्यांची भीती निम्मी जाते.

लोहाचा विचार मात्र वेगळा करावाच लागतो. पोटात असताना साठवून आणलेलं लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतं, आणि आईच्या दुधात ते फार थोडं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी ११ टक्क्यांच्या आसपासच होती. हे फक्त गरीब वस्त्यांचं चित्र आहे असं समजू नये. दूध, भात, बिस्किट आणि फळाचा रस यांवर वाढणारं बाळ सोसायटीच्या बाराव्या मजल्यावरही असतं. बिस्किट हा या शहरात बाळाच्या हातात पडणारा पहिला कोरडा पदार्थ आहे, आणि तो मैदा, साखर आणि तेल यांचा असतो. चहात बुडवून दिलं तर आणखी वाईट, कारण चहा अन्नातल्या लोहाला शरीरात जाऊ देत नाही.

अंडं खाणाऱ्या घरांनी सहाव्या महिन्यापासूनच पूर्ण शिजवलेलं अंडं द्यावं. आठव्यात त्याच्या पोळ्याच्या मऊ पट्ट्या बाळ स्वतः धरतं. वेसाव्याच्या, मढच्या, गोराईच्या कोळी घरांत ताजा बोंबील किंवा पापलेट असतंच. काटा काढून, बोटांनी दोनदा चाचपून, त्याचा मऊ गर भातात घालावा. मांदेलीसारखी बारीक काट्यांची मासळी नंतर. शाकाहारी घरांत घट्ट डाळ, मोड आलेल्या मटकीची उसळ चेपून, हळीव दुधात शिजवून, पालेभाज्या आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब, म्हणजे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागतं. शिवाय सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिलीलिटर लोहाचं सरबत देतात. ते आशाताईंकडे किंवा पालिकेच्या दवाखान्यात विचारावं.

आता भीतीबद्दल बोलू. कुठल्याही घरातला हा संवाद आहे. सून वाफवलेल्या गाजराचा तुकडा बाळासमोर ठेवते. सासूबाई म्हणतात, ‘अगं, घशात अडकेल हं, बारीक करून दे.’ सून म्हणते, ‘आई, दाबून बघा, लोण्यासारखं आहे.’ तेवढ्यात बाळ तुकडा जरा जास्त आत ढकलतं, डोळे पाणावतात, जीभ बाहेर येते, ओकारीसारखा आवाज होतो आणि तुकडा ताटलीत पडतो. सासूबाईंचा जीव गोळा होतो आणि गाजर पुन्हा मिक्सरमध्ये जातं.

त्या आवाजाला घाबरायचं कारण नाही. मोठ्या माणसाच्या घशात ओकारीची जागा मागे असते, बाळाच्या जिभेवर ती बरीच पुढे असते. तुकडा घशाच्या जवळ जाण्याच्या किती तरी आधी शरीर त्याला परतवतं. वयाबरोबर ही जागा मागे सरकते, म्हणून ओकारी कशी हाताळायची हे सातव्या-आठव्या महिन्यात शिकणं जास्त सोपं. ओकारीत आवाज येतो, चेहरा लाल होतो, बाळ खोकतं. खरोखर श्वास अडकला की आवाज बंद होतो, रडूही फुटत नाही, ओठ निळसर होऊ लागतात. हा फरक घरातल्या प्रत्येकाला, पाळणाघरातल्या काकूंनाही, माहीत हवा. श्वास अडकलेल्या वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं धरायचं, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा मारायच्या. तुकडा निघाला नाही तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्यायचा, आणि हे आलटून पालटून चालू ठेवायचं. कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. दिसत नसलेला तुकडा काढायला तोंडात बोट घालायचं नाही. तो आणखी आत जातो.

काय अडकतं हेही ठरलेलं आहे: गोल, टणक, घसरडं. शेंगदाणा, चणा, डाळिंबाचे दाणे, अख्खं द्राक्ष, कच्चं गाजर, कच्च्या सफरचंदाची फोड, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, पॉपकॉर्न. लोकलमध्ये शेजारची बाई प्रेमाने खाऱ्या दाण्यांची पुडी बाळापुढे करते, तिथे हसून नाही म्हणावं. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको. शेंगदाण्याचं बारीक कूट मात्र भातात, भाजीत लवकर यावं. लंडनच्या किंग्ज कॉलेजने ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. लहान वयापासून शेंगदाण्याचा पदार्थ खाणाऱ्यांत पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. अंगावर तीव्र इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. मध तेवढा वर्षाच्या आत कुठल्याही रूपात चाटवू नये, त्यातल्या जंतूंचं विष बाळाच्या आतड्यात तयार होऊ शकतं.

बोरन्हाण इथेच आठवतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोसायटीच्या हॉलमध्ये काळ्या झबल्यातली, हलव्याचे दागिने घातलेली बाळं पाटावर बसतात आणि त्यांच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, कुरमुरे, शेंगा आणि गोळ्या ओतल्या जातात. फार गोड सोहळा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण आठ महिन्यांच्या बाळाच्या अंगाखांद्यावरून घरंगळणाऱ्या त्या वस्तूंपैकी जवळपास प्रत्येक वर सांगितलेल्या यादीत बसेल अशीच आहे, आणि हे तर हाताला लागेल ते तोंडात घालण्याचं वय. वर्षाच्या आतल्या बाळावर फुलांच्या पाकळ्या ओताव्यात, बोरं आणि ऊस मोठ्या मुलांना वाटीत द्यावा, आणि दागिन्यांतला एकेक मणी ओढून निघत नाही ना हे आधी पाहावं. फोटो तेवढेच सुंदर येतात.

बाळाने सगळं स्वतःच्याच हाताने खावं, चमच्याने भरवूच नये, असाही एक पंथ आहे. ब्रिटनमधल्या आरोग्यसेविका गिल रॅपली यांचं २००८ सालचं पुस्तक त्याचं मूळ. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाने २०६ बाळांवर केलेल्या अभ्यासात, काय द्यायचं आणि कसं कापायचं याचा नीट सल्ला मिळाल्यावर, हाताने खाणाऱ्या आणि चमच्याने खाणाऱ्या बाळांमध्ये घास अडकण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. भीतीवर हा चांगला उतारा आहे. पण आपल्या घरात पूर्णपणे हा मार्ग धरावा असं मला वाटत नाही. आपलं मुख्य अन्न वरणभात आहे, तो आठव्या महिन्यात हाताने खाता येत नाही, आणि लोह कमी असलेल्या बाळाच्या पोटात घट्ट डाळ चमच्यानेच जास्त जाते. चमचा आणि हात दोन्ही चालू ठेवावेत. कुस्करलेला वरणभात आपण भरवावा आणि ताटलीत दोन तुकडे त्याचे त्याला असावेत.

किती खायचं हे मात्र बाळावर सोडावं. शिकागोच्या डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या १५ बाळांपुढे रोज साधे, न मिसळलेले पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले आणि नर्सना बजावलं, की बाळ ज्याकडे हात नेईल तेच द्यायचं, आग्रह नाही. यादीत ३४ पदार्थ होते. प्रत्येक बाळाचं खाणं वेगळं, कधी एका वेळी बरीच अंडी. पण सगळी बाळं चांगली वाढली. डेव्हिस यांनी स्वतःच सांगितलं, की यातली मेख यादीत होती: त्यात साखर, मैदा, डबाबंद असं काही नव्हतंच. काय वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, तोंड कधी मिटायचं हे बाळाने. आपल्याकडे उलटं चालतं. बाळ तोंड फिरवतं, मग मोबाइल येतो आणि गाणी बघताना उघडलेल्या तोंडात शेवटचे दहा घास जातात. पोट भरल्याची खूण ओळखायला जे मूल शिकत होतं, त्याचं ते शिकणं तिथे थांबतं. चिऊ-काऊचा घास यापेक्षा कितीतरी चांगला, कारण खिडकीतल्या कावळ्याकडे बघतानाही बाळ आजीच्या चेहऱ्याकडे परत वळतं.

राहिला प्रश्न वेळेचा. हाताने खाणाऱ्या बाळाला अर्धा तास लागतो, जमीन माखते, आणि पाळणाघरात एका काकूंच्या वाट्याला चार-पाच बाळं असतात. त्यांच्याकडून दुपारच्या जेवणाला हा खटाटोप होणार नाही, आणि त्यांना दोष देऊन काही मिळणार नाही. चार वाजताचं खाणं त्यांच्याशी बोलून वेगळं ठेवावं. त्या वेळी पोट भरण्याची जबाबदारी कुणावर नसते, बाळ झोपून उठलेलं आणि ताजंतवानं असतं. डब्यात इडलीच्या चार पट्ट्या किंवा पोळीचे वरणात भिजवलेले तुकडे द्यावेत, सोबत एक जुनी चादर खाली पसरायला. मुंबईच्या दमट हवेत शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, म्हणून पाळणाघरात फ्रिज असेल तरच सकाळचा डबा चारपर्यंत चालेल. नसेल तर केळं आणि चिकू सर्वांत सुरक्षित, तिथेच हात धुऊन सोललेले. घरी सकाळी गाडी पकडायच्या आधी वीस मिनिटं बाळाला आपल्या ताटाशी बसवता आलं तर उत्तम, नाहीतर रविवार आहेच. वस्तीतल्या घरांचा प्रश्न जरा वेगळा. त्यांना अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा शिधा मिळतो. २०१३ च्या कायद्यात रोजच्या ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं हा त्याचा निकष होता. हा शिधा घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाटला जातो आणि बाळाच्या वाट्याला थोडाच येतो. सेविकाताईंनी तो देताना त्याचं बाळासाठी थालीपीठ कसं करायचं हे तव्यावर करून दाखवलं तर तो बाळापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते.

साधारण माप हवं असेल तर: नवव्या ते अकराव्या महिन्यात २५० मिलीलिटरच्या वाटीची अर्धी वाटी एका वेळी, असं दिवसातून तीन-चार वेळा, मध्ये एखादं फळ, आणि आईचं दूध चालूच. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. एखाद्या दिवशी यातलं निम्मंच गेलं तर काळजी नको. वजनाची रेघ चढती आहे का ते पाहावं.

काळजी करायची ती वेगळ्या खुणांनी. दहा महिने उलटले तरी बारीकसा कणही जिभेवर टिकत नाही, प्रत्येक घासाला ठसका लागतो, दूध नाकातून येतं, खाताना छाती घरघरते, किंवा दोन-तीन महिने वजन जागेवर आहे, यांपैकी काही असेल तर ‘हळूहळू शिकेल’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, पालिकेच्या राजावाडी, कूपर, भगवती या रुग्णालयांत बालरोग विभाग आहेत. चावण्या-गिळण्याच्या स्नायूंवर काम करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ असतात, हे फार कमी आईवडिलांना माहीत आहे. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून आहे, तिथे या विषयाचे तज्ज्ञ घडतात. जाताना बाळ सध्या जे खातं त्याचा डबा आणि घरचा नेहमीचा चमचा बरोबर न्यावा, आणि रोज भरवणाऱ्या आजींना किंवा काकूंनाच सोबत घ्यावं, कारण तपासणारी व्यक्ती बाळाला समोर खाऊ घालायला सांगते आणि ते हात त्यांचेच असायला हवेत.